निळ्या पट्ट्याचा पाइपफिश: घर कपारीत, जेवण दिवसभर

घरच्या समुद्री टँकमधला पाइपफिश मेला की मालक आजार शोधायला लागतो. पाण्याच्या चाचण्या होतात, औषधांची नावं विचारली जातात. माझं मत असं की या माशाच्या बाबतीत पहिला संशय भुकेवर घ्यावा. टँकमध्ये खाणं असतं, बऱ्याचदा भरपूर असतं, पण ते माशाच्या तोंडासमोर नसतं. का नसतं ते समजायला हा मासा समुद्रात कुठे आणि कसा राहतो हे आधी बघावं लागतं.

मी इथे मुख्यतः एकाच जातीबद्दल लिहिणार आहे: निळ्या पट्ट्याचा पाइपफिश, शास्त्रीय नाव डोरिरॅम्फस एक्सिसस. योहान याकोब काउप यांनी १८५६ मध्ये त्याचं वर्णन केलं. पूर्ण वाढलेला मासा जेमतेम ७ सेंटिमीटरचा. अंग नारिंगी, नळीसारख्या तोंडापासून शेपटीकडे गेलेला ठसठशीत निळा पट्टा, आणि एवढ्याशा अंगाला मोठी वाटेल अशी पंख्यासारखी उघडणारी शेपटी. शेपटीचा रंग तांबूस तपकिरी, त्यावर पिवळसर-पांढरे डाग. समुद्रघोड्याच्याच कुळातला, त्यामुळे अंगावर खवले नाहीत, हाडांच्या कड्या आहेत. लाल समुद्र आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून मालदीव, इंडोनेशिया, हवाई करत थेट मेक्सिको आणि गॅलापागोसपर्यंत तो सापडतो. एवढा पसरलेला असूनही पोहणाऱ्यांना तो फारसा दिसत नाही, कारण सगळे प्रवाळाच्या वरच्या बाजूकडे बघत असतात आणि हा खालच्या बाजूला असतो.

त्याचं घर म्हणजे कपार. पुढे आलेल्या प्रवाळखडकाचं छत, छोट्या गुहा, दगडांमधल्या फटी, लांब काट्यांच्या काळ्या समुद्री साळिंदरांच्या (सी अर्चिनच्या) काट्यांमधली जागा. उथळ पाण्यापासून साधारण ५० मीटर खोलीपर्यंत. कपारीत तो छताच्या अगदी जवळ, पुष्कळदा उलटा, पोट छताकडे करून तरंगत असतो. त्याच्या दृष्टीने छत हीच जमीन. मालदीव, बाली किंवा लाल समुद्रात स्कूबा करणाऱ्यांनी टॉर्च कपारीच्या तळाशी न मारता छताच्या कडेकडेने हळू फिरवावा. आधी निळा पट्टा दिसत नाही, शेपटीची उघडझाप दिसते. माणूस फार जवळ गेला की मासा पळून जात नाही, दोन-तीन सेंटिमीटर आत सरकतो आणि तिथूनच बघत राहतो. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरतात, त्यामुळे एक डोळा तुमच्यावर आणि दुसरा पाण्यातल्या एखाद्या कणावर असू शकतो.

जोडीने राहणं हा त्याचा नेम. एका कपारीत नर-मादी, आणि नराला दुसरा नर खपत नाही. जवळून पाहिलं तर दोघं ओळखता येतात: पूर्ण वाढलेल्या नराच्या नळीच्या दोन्ही बाजूंना हाडांचे बारीक उंचवटे असतात, मादीची नळी गुळगुळीत. अंडी नरच सांभाळतो, पण समुद्रघोड्यासारखी शेपटीवरच्या पिशवीत नव्हे, तर धडाखाली पोटाला चिकटवून.

खाण्याची पद्धत या घराशी घट्ट जोडलेली आहे. हा मासा पाठलाग करत नाही. कपारीपाशी प्रवाह फिरतो आणि त्याबरोबर कोपेपॉड (ठिपक्याएवढे कवचधारी जीव), मायसिड या कोळंबीसारख्या जीवांची लहान पिल्लं आणि इतर कवचधारी जीव वाहत येतात. मासा जागेवर राहून त्यांची वाट बघतो. शिवाय तो सफाईवालाही आहे. मोरे ईल आणि कपारीतले इतर मासे त्याच्याजवळ थांबतात आणि तो त्यांच्या अंगावरचे परजीवी टिपतो. यावरून काही लोक त्याला टँकमध्ये सफाईसाठी आणतात. तो हिशेब चुकीचा आहे. टँकमधल्या चार माशांच्या अंगावर त्याचं पोट भरेल एवढं काही नसतं, आणि असलं तर तुमच्या टँकची अडचण वेगळीच आहे.

नळीच्या टोकाला इवलंसं तोंड, त्यात दात नाहीत. भक्ष्य नळीच्या टोकाच्या जरा वर, काही मिलिमीटरवर आलं की डोकं झटक्यात वर वळतं, नळीचं टोक भक्ष्याशी पोहोचतं आणि तोंडाची पोकळी एकदम फुगून पाण्यासकट भक्ष्य आत ओढलं जातं. सगळा प्रकार दहा मिलिसेकंदांच्या आत उरकतो. नुसत्या स्नायूला हा वेग जमत नाही. पाइपफिशवरच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की मानेमागच्या स्नायूंचे कंडरे आधी ताणून ठेवलेले असतात आणि ते सुटल्यावर डोकं फिरतं. टँकजवळ शांत बसलं तर याचा ‘टिक’ असा आवाज काचेतून ऐकू येतो. व्यवहारात यातून दोन गोष्टी निघतात. भक्ष्य नळीच्या भोकातून जाईल एवढंच हवं, मोठं असेल तर मासा झडप घालतो आणि थुंकतो. आणि भक्ष्य हलतं हवं, कारण डोळ्यांना हलणारीच गोष्ट खाणं म्हणून दिसते.

याहून महत्त्वाची गोष्ट पोटाची. या कुळातल्या माशांना जठर नसतं. खाल्लेलं सरळ आतड्यात जातं आणि लवकर बाहेर पडतं. साठवून ठेवायची सोयच नाही. म्हणून एका वेळी भरपूर घालणं निरुपयोगी, उलट एकदम खूप मिळालं तर बरंचसं अर्धवट पचून बाहेर जातं. समुद्रात हा मासा उजेड असेपर्यंत टिपतच असतो, आणि टँकमध्ये त्याच चालीने खाणं द्यावं लागतं.

इथे कायद्याचं सांगणं भाग आहे. भारतात २००१ साली समुद्रघोड्यांसह हे अख्खं कुळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं गेलं. त्यामुळे भारतात राहणाऱ्यांनी हा मासा पकडू, विकत घेऊ किंवा घरी ठेवू नये. कुणी देत असेल तरी नाही म्हणावं. बाहेरच्या देशांत परिस्थिती वेगळी आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारात समुद्रघोडे २००४ पासून दुसऱ्या परिशिष्टात आहेत, पाइपफिश नाहीत, आणि अनेक देशांत ते दुकानात रीतसर मिळतात. पुढचा भाग तिथल्या मराठी मित्रांसाठी. ज्यांना मासा ठेवायचा नाही पण कळून घ्यायचा आहे त्यांनाही तो उपयोगी पडेल, कारण टँकमध्ये जे चुकतं त्यातून समुद्रात काय घडत असतं ते स्पष्ट होतं.

टँक एका जोडीसाठी किमान ७५ लिटरचा, शंभरच्या पुढे असेल तर चांगलं. पण लिटरपेक्षा वय महत्त्वाचं: टँक सहा महिने तरी चाललेला हवा, दगडांवर कोपेपॉडची वस्ती झालेली हवी. रात्री दिवे बंद झाल्यावर तासाभराने काचेवर टॉर्च मारा. पांढरे ठिपके तुरुतुरु पळताना दिसले नाहीत तर मासा आणायची वेळ आलेली नाही. लाइव्ह रॉक (जीवजंतू वसलेला समुद्री खडक) रचताना एक सपाट दगड पुढे काढून छत करा, खाली आठ-दहा सेंटिमीटर उंचीची आणि मागून दुसरी वाट असलेली जागा ठेवा. मागची वाट का, तर तिथून प्रवाह आरपार जातो. बंद गुहेत पाणी साचतं, खाणं येत नाही, आणि मासा ती जागा सोडून टँकच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. छत समोरच्या काचेकडे तोंड करून असावं, नाहीतर मासा खातो की नाही हे कधीच कळणार नाही.

तापमान २४ ते २५ अंश, क्षारता हजारी ३५ च्या आसपास. २७ अंशांच्या वर दिवसेंदिवस राहिलं की या कुळातल्या माशांवर व्हिब्रिओ जातीचे जिवाणू लवकर मात करतात, नळी आणि शेपटीचा पर आधी कुजायला लागतो. पंपाच्या शोषणाच्या तोंडावर स्पंज लावा. टँकमध्ये समुद्रफूल नको, युफिलियासारखे लांब दंश करणारे प्रवाळही नकोत. सोबती निवडताना एकच प्रश्न विचारा: हा खाण्यावर किती वेगाने झडप घालतो? डॅम्सेल, रास, टँग बाद. मँडरिन मासा शांत आहे म्हणून लोक ठेवतात, पण तो दिवसभर तेच कोपेपॉड टिपत असतो, लहान टँकमध्ये दोघंही उपाशी राहतात. लहान गोबी चालतात.

दुकानात बारीक लाल-तपकिरी जाळीची नक्षी असलेला, जमिनीवरून रांगत चालणारा पाइपफिश मिळाला तर तो बहुधा कोरिथॉइक्थिस वंशातला. त्याला कपारीचं छत नको, वाळू आणि प्रवाळाचे तुकडे हवेत. तो जमिनीवरचे आणि दगडावरचे कोपेपॉड वाकून वाकून टिपतो, म्हणून त्याला मंद प्रवाह आणि जुनी वाळू लागते. या दोघांचा सल्ला एकमेकांना लावला की गडबड होते. याच वंशातल्या कोरिथॉइक्थिस हेमॅटॉप्टेरसच्या जोड्या रोज सकाळी एकमेकांना भेटून थोडा वेळ बरोबर पोहतात, हे जपानच्या समुद्रात नीट अभ्यासलं गेलं आहे. तेव्हा तो मासाही एकटा आणू नये.

मासा घेताना बाजूने बघू नका, खालून किंवा समोरून बघा. पोटाखालची रेषा सपाट किंवा किंचित फुगीर असेल तर ठीक. आत गेलेली असेल, दोन्ही बाजूंच्या हाडांच्या कडा वर आलेल्या असतील तर तो मासा बरेच दिवस उपाशी आहे आणि त्याला सावरणं अवघड असतं. दुकानदाराला समोर खाऊ घालायला सांगा. जाळीने पकडू देऊ नका, नळीला ओरखडा पडतो आणि तिथूनच संसर्ग सुरू होतो. पाण्यात डबा तिरका धरून मासा त्यात वळवून घ्यायचा, पाण्याबाहेर काढायचाच नाही.

आता खाणं. पहिले दोन आठवडे फक्त जिवंत, दिवसातून तीन-चार वेळा. सगळ्यांच्या आवाक्यातलं जिवंत खाणं म्हणजे आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जीवाची पिल्लं, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, तापमान २७ अंश, तळापासून जोरात हवा, वर दिवा. त्यात अर्धा ग्रॅम सिस्ट, म्हणजे आर्टेमियाची सुकी अंडी. चांगल्या प्रतीच्या अर्ध्या ग्रॅममधून लाखभर पिल्लं निघतात, एका जोडीला पुरून उरतात, तेव्हा चमचे भरभरून घालू नका. २४ तासांनी हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर येतात, न फुटलेले सिस्ट तळाशी बसतात. बाटलीच्या खालच्या भागाला एका बाजूने उजेड द्या, पिल्लं तिथे गोळा होतात. बारीक नळीने तेवढी नारिंगी रेघ ओढून घ्या. १२० मायक्रॉनच्या चाळणीत गाळून गोड्या पाण्याने धुवा. उबवण्याचं पाणी टँकमध्ये कधीही ओतायचं नाही. त्यात जिवाणू खच्चून असतात, आणि हायड्रॉइडही याच वाटेने टँकमध्ये शिरतात. काचेवर बारीक तंतूंची झुडपं दिसू लागली तर ते हायड्रॉइड समजा. ते पिल्लं पकडून खातात आणि लहान माशांना दंशही करतात. शक्य असेल तर सिस्ट आधी क्लोरीनच्या द्रावणाने टरफल उतरवून घ्या, किंवा तसे तयार मिळतात ते घ्या.

आता बहुतेकजण ही पिल्लं लगेच माशाला देतात. नुकत्याच निघालेल्या पिल्लात स्वतःचा बलक असतो, तो तासातासाने संपत जातो. डीएचए हे मेदाम्ल त्यात मुळातच जवळपास नसतं, आणि समुद्री माशांना ते लागतंच. पिल्लाचं तोंड पहिली कात टाकल्यानंतर उघडतं, उबदार पाण्यात साधारण आठ तासांनी. त्याआधी त्याला काही खाऊ घालता येत नाही. म्हणून धुतलेली पिल्लं स्वच्छ समुद्री पाण्यात परत हवेवर ठेवायची आणि त्यात डीएचए असलेलं एनरिचमेंट (पिल्लांना भरवायचं पोषक तेलाचं मिश्रण) लेबलवर दिलेल्या प्रमाणात घालायचं, बारा तासांनी पाणी बदलून पुन्हा एकदा. आत भरलेलं पिल्लू भिंगातून पाहिलं तर त्याच्या मधोमध आतड्याची गडद रेघ दिसते. ती नसेल तर तुम्ही माशाला रिकामी पाकिटं देत आहात. पुन्हा गाळून, धुऊन द्या. उरलेली फ्रिजमध्ये ४-५ अंशांवर, उथळ पाण्यात दिवसभर टिकतात. थंडीत ती मंदावतात, म्हणून आतलं पोषणही वाया जात नाही.

आणि आता ती गोष्ट जिच्यामुळे भरल्या टँकमध्ये हा मासा उपाशी राहतो. आर्टेमियाची पिल्लं उजेडाकडे पोहतात. टँकमध्ये सोडल्यावर दहा मिनिटांत सगळी वर, दिव्याखाली जमा होतात, आणि तिथून ओव्हरफ्लोमधून (वरचं पाणी बाहेर जाण्याच्या वाटेने) सम्पमध्ये, म्हणजे टँकखालच्या गाळणीच्या टाकीत जातात. मासा मात्र खाली, छताच्या अंधारात. वरून बघणाऱ्याला वाटतं पाण्यात खाणंच खाणं आहे. यावर उपाय सोपा आहे: खाणं देताना टँकचा मुख्य दिवा बंद करा आणि कपारीच्या तोंडाशी, काचेबाहेरून, एक छोटा टॉर्च टेकवून ठेवा. पिल्लं त्या उजेडाच्या वर्तुळात येतात, मासा दोन-तीन दिवसांत तिथे यायला शिकतो. खोलीतला बाकी प्रकाश जितका कमी तितकं हे चांगलं जमतं.

खाणं देताना रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी वर आणणारा) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) पाऊण तास बंद ठेवा, पण आतला प्रवाहाचा छोटा पंप चालू राहू द्या. सगळेच पंप बंद केले की खाणं तळाशी बसतं आणि तळावरचं हा मासा उचलत नाही. स्किमर पुन्हा चालू करायला विसरू नका. यासाठी टायमर लावलेला बरा.

आर्टेमिया हा कितीही भरला तरी तात्पुरता पर्याय, खरं खाणं कोपेपॉड. त्यातले टिग्रिओपस वंशातले मोठे, लालसर, झटके देत पोहणारे, माशाचं लक्ष लगेच वेधतात. पण ते उघड्यावर येतात म्हणून टँकमध्ये फार दिवस उरत नाहीत, त्यांना खाणं समजून वाढवायचं. टिस्बे वंशातले लहान, दगडांच्या फटीत राहणारे, ते टँकमध्येच वसवायचे. टिग्रिओपससाठी दहा-वीस लिटरची बादली, खोलीचं तापमान, हवेचा एकेक मोठा बुडबुडा येईल एवढीच हवा. बारीक बुडबुड्यांनी फेस होतो आणि पिल्लं त्यात अडकतात. खाणं म्हणून फायटोप्लँक्टन (पाण्यातलं सूक्ष्म शैवाल), पाणी फिकट हिरवं दिसेल इतकंच. हिरवं पाणी दोन-तीन दिवसांत निवळलं पाहिजे. निवळत नसेल तर तुम्ही जास्त घालताय आणि थोड्याच दिवसांत पाणी कुजेल. नुसतं नॅनोक्लोरॉप्सिस हे शैवाल वापरण्यापेक्षा त्यात आयसोक्रायसिस हे दुसरं शैवाल मिसळा, डीएचए त्यात असतं. आठवड्याला पाव बादली गाळून घ्या, तेवढंच नवं समुद्री पाणी भरा. नेहमी दोन बादल्या चालवा. एक कधीतरी कोसळतेच, बहुतेक वेळा रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव शिरल्यामुळे किंवा जास्त खाणं घातल्यामुळे.

दोन आठवड्यांनी, पोट भरलेलं दिसत असेल तरच, गोठवलेल्या खाण्याकडे वळा. गोठवलेले सायक्लॉप्स (हेही कोपेपॉडच) आकाराला योग्य, नेहमीचे मायसिस (मायसिड) मोठे पडतात. तुकडा चाळणीत वितळवून धुवा, पांढरं पाणी फेकून द्या. सकाळच्या पहिल्या वेळी, मासा सगळ्यात भुकेला असताना, जिवंत पिल्लांत थोडे सायक्लॉप्स मिसळून पिपेटने कपारीच्या प्रवाहाच्या वरच्या बाजूला सोडा, म्हणजे ते वाहत माशासमोरून जातील. मेलेलं खाणं हलताना दिसलं तरच घेतलं जातं. पहिल्या दिवशी मासा तोंडात घेऊन थुंकेल, ते चालतं, तो चव बघतोय. आठवडाभर रोज थुंकत असेल तर आकार तपासा. काही मासे गोठवलेलं कधीच घेत नाहीत, त्यांना जिवंत खाण्यावरच ठेवायची तयारी हवी. ती नसेल तर हा मासा आणू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

मासा खातोय तरी बारीक होतोय, असं झालं तर आधी मोजा: दहा मिनिटं समोर बसून किती वेळा ‘टिक’ करून झडप घालतो ते बघा. मिनिटाला दोन-तीनही झडपा नसतील तर खाणं पोहोचत नाही. भरपूर झडपा आहेत, पोट तरी आत, तर एनरिचमेंट जुनं झालंय का बघा. फ्रिजबाहेर राहिलेलं तेल खवट होतं. तेही ठीक असेल तर आतड्यात जंत असू शकतात, आणि त्यावर उपचार वेगळ्या टँकमध्ये, माशांच्या डॉक्टरला विचारूनच. तांब्याची औषधं या कुळाला सोसत नाहीत, दुकानातली सरसकट बाटली ओतू नका.

सुट्टीवर जाताना आपोआप खाणं टाकणारं यंत्र इथे कामाचं नाही, त्यातलं सुकं खाणं हा मासा ओळखतच नाही. दोन दिवसांचा प्रश्न असेल तर निघायच्या आदल्या रात्री, दिवे बंद झाल्यावर, एक अख्खी बादली कोपेपॉड गाळून टँकमध्ये सोडा आणि फिल्टरची पिशवी काढून ठेवा. रात्री सोडलं की बरेचसे दगडांत शिरतात आणि सकाळी टिपायला उरतात. त्याहून जास्त दिवस असतील तर रोज दोनदा येणारा माणूस लागेल. त्याच्यासाठी दर वेळचं खाणं वेगवेगळ्या छोट्या डब्यांत मोजून ठेवा, वर दिवस आणि वेळ लिहा, आणि टॉर्च काचेवर कुठे टेकवायचा तिथे चिकटपट्टीची खूण करून ठेवा.